न सांगता लावलेला नंबर

गड्यांनो, जिच्याशी मी चोरून बोलतो तिच्या वडिलांनी तिचा नंबर सांगायच्या आधीच मी तो लावला आणि तिथंच सगळं फिरलं.

कॉलेज अर्धवट सोडून मी टीव्हीच्या डिश बसवतो, हे तुम्हाला माहीत आहे. आज सांगलीत नेमकं तिच्याच घरचं काम आलं. पाचव्या मजल्याच्या गच्चीवर मी कठड्याबाहेर वाकलेलो आणि माझ्या कमरेचा दोर तिच्या वडिलांच्या, म्हणजे काकांच्या हातात.

“खाली पोरीला फोन लावून इचार, चित्र आलं का,” काका म्हणाले. मी लावला. “आलं,” ती म्हणाली.

“तिचा नंबर मी कवा दिला रं तुला?”

काकांनी दोर सोडला नाही, पण लय घट्ट आवळला.

खाली आल्यावर त्यांनी तिला विचारलं, “ह्याला वळखतीस?”

“न्हाई,” म्हणाली. आणि रिमोटनं उगाच चॅनेल बदलत राहिली.

मी एरवी कुणाच्या बापाला घाबरत नाही. आज मात्र खोटं बोललो, “आवं काका, कामाच्या कागदावर नंबर हाय की.”

“कागदावर माझा हाय.”

ती डोळ्यांनीच मला ‘जा’ म्हणत होती. तिला तिथं एकटीला सोडणं बरोबर होतं का, तुम्हीच सांगा. मी हत्यारांची पिशवी उचलली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.