लाटण्यानं पाडलेला दात

माझ्या मुलीनं हॉकी खेळू नये, कारण हॉकीत दात पडतात, हे माझं ठाम मत होतं. हॉकीचं मैदान मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण मत असायला मैदान कशाला लागतं? शाळेच्या संघात तिची निवड झाली त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "चौदा वर्षांची पोर, समोरचे दात गेले तर जन्माचं नुकसान." बँकेच्या बदल्या झेलून तो इतका शहाणा झालाय की घरच्या वादात कुणाचीच बाजू घेत नाही. "बघ बाई तुला काय वाटतं ते," म्हणाला. मी बघितलं, म्हणजे हॉकी बंद केली आणि तिला आमच्या मंगळागौरीच्या खेळांत घातली. बायकांचे खेळ ते, त्यात कुणाला काय लागणार!

लखनऊत आम्हा मराठी बायकांवर संस्कृती टिकवायची जबाबदारी आहे. ती कुणी सोपवली ते विचारू नका. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एक काकू राहतात, साताऱ्याकडच्या, रेल्वेतल्या निवृत्त इंजिनिअरांच्या पत्नी. त्यांच्या घराखालच्या पार्किंगमध्ये श्रावणात रोज चार वाजता सराव असायचा. नऊवारी नेसून, नथ घालूनच यायचं, असा काकूंचा हुकूम. नाहीतर म्हणे अंगात खेळ येत नाही. माझी मुलगी जीन्सवर यायची आणि कोपऱ्यात उभी राहून म्हणायची, "मम्मी, मुझसे नहीं होगा ये सब." तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीतच येतं.

त्या दिवशी लाटण्यांचा खेळ होता. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, हातात एकेक लाटणं, आणि टिपऱ्यांसारखं एकमेकींवर वाजवत गिरकी घ्यायची. माझ्यासमोर माझीच मुलगी. ती म्हणत होती, जरा हळू. मी म्हटलं, "हळू काय, अंगात रक्त आहे की ताक?" आणि माझ्या वयाला न शोभणारी एक गिरकी घेतली. ठेका चुकला, तो माझा. लाटणं तिच्या तोंडावर बसलं. ती खाली बसली तेव्हा ओंजळीत रक्त होतं आणि वरचा, समोरचा दात मुळासकट फरशीवर पडला होता.

बाकीच्या बायकांच्या अंगात एकाएकी वैद्य संचारले. लवंग दाबा, हळद भरा, तुरटीच्या गुळण्या करा. एकजण म्हणाली, संध्याकाळची आरती उरकून निवांत जा दवाखान्यात, पडायचा तो दात पडलाच आहे. दुसरीला काळजी होती ती रविवारच्या कार्यक्रमात जोडी कुणाची लावायची याची. इतकी माया बघून मला भरून यायला हवं होतं. मी नुसती पोरीच्या तोंडाला पदर लावून बसले होते.

तेवढ्यात पोरीनं पदर बाजूला केला आणि चक्क मराठीत विचारलं, "दात कुठंय?"

दात काकूंनी उचलला होता. आणि उचलून काय केलं असेल? आपल्या तीन मुलांच्या आणि पाच नातवंडांच्या वेळी केलं तेच. मुळाला धरून कपाळाला लावला, "उंदीरमामा, हा घे, नवा दे" म्हणाल्या आणि पार्किंगशेजारच्या पत्र्यावर भिरकावून दिला. दुधाचे दात पडले की छपरावर टाकायचे, हे त्यांच्या हाताला इतकं पाठ की डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. चौदाव्या वर्षी पडलेल्या दाताच्या जागी नवा येत नसतो, हे उंदीरमामाला ठाऊक असेल. आमच्यात मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

पोरीच्या लक्षात आलं. रक्त थुंकत ती म्हणाली, "सर ने सिखाया है. एक घंटे के अंदर वापस लग सकता है. जड़ को हाथ मत लगाना." सर म्हणजे तिचे हॉकीचे कोच. ज्या खेळात दात पडतात, त्या खेळात पडलेल्या दाताचं काय करायचं तेही पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आमच्यात नथ कशी घालायची तेवढं शिकवतात.

मग मी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि शिडी लावून पत्र्यावर चढले. त्या लुगड्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. वाळक्या पानांत दात सापडला. खाली आल्यावर माझा स्वभाव उफाळून आला. मी साबणसुद्धा वापरण्याआधी धुते. मी दात घासायला काथ्या शोधायला लागले, तर पोरीनं दात माझ्या हातातून काढून घेतला, पांढऱ्या टोकाला धरून पाण्याखाली क्षणभर धरला आणि स्वतःच हिरडीत बसवायला लागली. रक्तात दात निसटत होता, बसेना. तेव्हा म्हणाली, "दूध."

काकूंच्या फ्रीजमध्ये दूध होतं. काकू म्हणाल्या, "अगं, ते नैवेद्याचं आहे." मी म्हटलं, "काकू, देव आज बिनदुधाचा राहील, पोर बिनदाताची राहणार नाही." असं मी काकूंशी कधी बोलले नव्हते. त्यांनी मुकाट्यानं स्टीलच्या डबीत दूध ओतून दिलं.

ई-रिक्षात आम्ही दोघी. मी नथ-नऊवारीत, ती मांडीवर डबी धरून. आतला दात मेला तर, हा विचार मनात आला की मी डबीकडे बघायची. घरी असते तर एव्हाना मी रडले असते.

बाजारातला दातांचा डॉक्टर तरुण आणि भलताच अदबशीर होता. "बिटिया को चोट कैसे लगी?" त्यानं विचारलं. मी बिटियाच्या तोंडातल्या कापसाकडे बघितलं आणि म्हणाले, "हॉकी खेलते हुए." तेही नाकात नथ ठेवून. पोरीनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरनं दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला आणि म्हणाला, "दूध में लाकर आपने बड़ी समझदारी की." मी मान हलवून ती शाबासकीही पदरात पाडून घेतली.

घरी खिचडी कालवून दिली, तर ती म्हणाली, "आपने झूठ बोला." रागावली की ती पक्की लखनवी होते, मला 'आप' म्हणते. पुढचे दोन आठवडे घरात 'आप' चालू होतं. आप खाना रख दीजिए. आप रहने दीजिए. इतक्या आदरानं मला आजवर कुणी छळलं नव्हतं.

तार काढायला गेलो. डॉक्टरनं दात हलवून बघितला. धरलाय, म्हणाला, मुळातली नस काढावी लागेल आणि काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल, पण धरलाय. मग चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाला, "मेरी मानिए तो ये हॉकी बंद ही करा दीजिए." जे मी महिनाभर घरात ओरडत होते, ते आता डॉक्टरच्या अक्षरात मिळत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पोर खुर्चीत आडवी, छताकडे बघत होती. तिला माझ्याकडून काही अपेक्षाच उरली नव्हती. ते मला सहन झालं नाही.

"डॉक्टर साहब," मी म्हटलं, "हॉकी नहीं थी. बेलन था. मेरे हाथ में था. और दूध वाली बात भी इसी ने बताई थी, हॉकी में सीखी हुई."

डॉक्टरचं पेन थांबलं. "बेलन," तो सावकाश म्हणाला, "बिटिया पर उठाया था?"

"नहीं, त्योहार का खेल है हमारा."

त्यानं अदबीनं हसू गिळलं, लिहिलेली ओळ खोडली आणि नवी लिहिली: काही महिने थांबून मैदानावर जावं, तोंडात माउथगार्ड घालूनच. माप लगेच घेतलं.

बाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. ती म्हणाली, "आई, तो माउथगार्ड मी मंगळागौरीला पण घालीन हं. तुझ्यासमोर उभं राहायचं असेल तर."

मी येणाऱ्या रिक्षाला हात केला. दोन आठवड्यांनी तिनं मला 'तू' म्हटलं होतं.