वडगावच्या बेसबॉल क्लबची पहिली पुरी मॅच

वडगावात बेसबॉलचा क्लब मी काढला. दुसरं कोण काय सांगत असलं, तर तो माणूस नंतर आलेला. आता क्लबच्या पोरांना टोप्या आहेत, पाठीवर नंबर आहेत, आणि त्यांना वाटतं क्लब त्यांच्या शाळेतनं निघाला. माझी शाळा तिसरीपर्यंतच, पण आठवण पक्की आहे. म्हणून लिहून ठेवतो.

तेव्हा मी यंत्रमागावर साड्या विणत होतो. आमच्या गल्लीत एक ड्रिल मास्तर भाड्यानं राहायला आलते. त्यांच्या शाळेत बेसबॉलचं सामान आलेलं, पण कुणी खेळत नव्हतं म्हणून खोलीत पडून होतं. मास्तरांनी ते हेडमास्तरांना विचारून घरी आणलं. एकदा त्यांच्या कट्ट्यावर बसलेलो, तर त्यांनी चामड्याचा एक जाडजूड हातमोजा माझ्यासमोर धरला.

"ह्यो भाकरी उलटायला काय?" मी विचारलं.

"चेंडू झेलायला."

"आमच्यात उघड्या हातानं झेलत्यात."

मास्तरांनी चेंडू फेकला. मी उघड्या हातानं झेलला. हात सुजला, पण मोजा द्या असं मी म्हणालो नाही. मोजा मी पुढं घातला, पण तो माझ्या मनानं.

खेळ तसा अवघड नाही. चार बेस असतात. बॅटनं चेंडू मारायचा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसला पाय लावत, जिथून निघालो त्या होमवर परत यायचं. आलं की एक रन. पण आमची माणसं क्रिकेट खेळून वाढलेली. चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळायची. मास्तर मागनं ओरडायचे, "बॅट टाक, बॅट टाक," आणि पळणारा आणखी घट्ट धरायचा. नजरेत मात्र आम्हाला कुणी हरवलं नाही. दिवसभर मागावर धोटा इकडून तिकडे धावताना बघणाऱ्या माणसाला चेंडू दिसत नाही, असं होत नाही. हे मी मास्तरांनाही सांगितलं. ते हसले. हसू देत.

अडचण एकच होती, करंट. माग करंटवर चालायचे, आणि करंट गेला की आम्ही मोकळे. म्हणून आमच्या मॅचचा दिवस कॅलेंडर बघून ठरत नव्हता, लोडशेडिंग बघून ठरायचा. दुपारी करंट गेला की गल्लीत एकजण शिट्टी मारायचा, आणि सगळे मोजे घेऊन रानात. संध्याकाळी येतो म्हणून सांगितलेला करंट मधेच कधीतरी यायचा. वडगावातनं मागांचा खडखडाट ऐकू आला की खेळणारे असतील तसे पळायचे. अर्धी साडी मागावर ठेवून कोण खेळत बसणार? समोरचा संघ शहापूरचा असला तर तेही विणकर, तेही पळायचे. मैदानात मास्तर आणि मी उरायचो. मी न पळण्याचं कारण असं, की क्लब मी काढलेला.

रान होतं माझ्या एका दोस्ताचं, अनगोळच्या वाटेवर. आम्ही दोघं तिसरीत बरोबर बसलो आणि तिसरीतनंच बरोबर उठलो. भात कापून झालं की तो तिथं मसूर पेरायचा. त्या वर्षी मी त्याच्या मागं लागून लागून ते रान खेळायला मागून घेतलं. धसकटं आम्हीच काढली. तो रोज बांधावर येऊन बसायचा, आणि रोज अर्ध्यात मोडलेला खेळ बघून जायचा.

एक दिवस म्हणाला, "काय रं, तुमचा खेळ कधी संपतोय का न्हाय?"

"संपतोय की. करंट ऐकत न्हाय."

"रानातली ओल उडायला लागलीया. आता न्हाय पेरलं तर मसूर गेला. असं कर, एक खेळ पुरा करून दाखव. एकच. तर ह्या वर्षी रान तुझं. न्हाय जमलं तर त्याच दिवशी पेरायची कुरी लावतो."

"लावायची गरज पडणार न्हाय," मी म्हणालो. आता म्हणून तर बसलो. रान गेलं असतं तर क्लबही गेला असता. दुसरं कोण जागा देणार होतं?

मास्तरांच्या ओळखीनं निपाणीचा एक संघ बोलावला. तंबाखूच्या वखारीत काम करणारी माणसं, करंटशी त्यांचं काही देणंघेणं नाही. ठरल्या दिवशी ते टेंपोतनं आले, आणि इकडनं माझा दोस्त बैल, कुरी आणि बियाणाची पिशवी घेऊन आला. बैल बांधावर बांधले, कुरी उभी केली आणि होमच्या मागं बसून तंबाखू मळू लागला.

निपाणीच्या कॅप्टननं विचारलं, "ह्ये कोण? अंपायर?"

"रानाचा मालक," मी म्हणालो.

"आनी ह्यो खेळ कवा मोडतोय त्याची वाट बघतोय," दोस्त म्हणाला. कॅप्टनला ते लई आवडलं.

मॅच सात डावांची. मास्तर अंपायर. खेळ असा रंगला की बैलसुद्धा चरायचे थांबून बघत होते, असं मी सांगतो तेव्हा घरची हसतात. शेवटच्या डावात रन बरोबरीचे, बॅटिंग आमची. एक रन झाला की मॅच तिथंच संपणार आणि आम्ही जिंकणार. दोघे बाद झालेले, तिसरा गेला की डाव खलास. तिसऱ्या बेसवर माझ्या शेजारच्या मागावरचा गडी उभा होता. आणि बॅट कुणाच्या हातात? माझ्या.

मी पाय रोवले. गोलंदाजानं चेंडू हातात फिरवला. आणि वडगावातनं खडखडाट सुरू झाला.

तिसऱ्या बेसवरच्या गड्यानं काही बघितलं नाही, विचारलं नाही, तो सुटलाच. वडगावची वाट होमवरनं पुढं जात होती. तो माझ्या अंगावरनं वाऱ्यासारखा गेला आणि बांध चढून दिसेनासा झाला. त्याच्या मागनं बाकीचे आमचे, रांगेनं. गोलंदाज चेंडू हातात धरून बघतच राहिला. त्याला वाटलं गावात आग लागली.

"रन झाला," मी म्हणालो.

होमच्या मागं मोजा घालून बसलेला निपाणीचा कॅप्टन उठला. "कसला रन? त्यो कामावर गेला."

"जाता जाता होमवर पाय टाकला त्यानं."

"टाकला न्हाय. उडी मारून गेला."

आम्ही दोघांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांची मान नेमकी त्याच वेळी वडगावकडं वळलेली. खोटं बोलायचं त्यांना जमत नव्हतं. म्हणाले, "मला दिसलं नाही." मग होमच्या मागं बसलेल्या माझ्या दोस्ताकडं वळले. "मालक, तुम्ही बघितलं का?"

मी बॅट खाली टाकली. कॅप्टन मात्र खुशीत होता. "ह्येलाच विचारा," म्हणाला. "ह्यो सांगंल ते मान्य."

दोस्तानं कुरीकडं बघितलं, बैलांकडं बघितलं, तोंडातली तंबाखू थुंकली.

"पडला पाय," तो म्हणाला. "टाच पडली. म्या बघितली."

कॅप्टनचा चेहरा उतरला. "खरं सांगताय न्हवं?"

"खोटंच बोलायचं असतं तर न्हाय म्हणालो असतो. कुरी काय मिरवायला आणलीया?"

मास्तरांनी हात वर केला. मॅच संपली. पुरी संपली. आमच्या बाजूनं हात मिळवायला मी एकटाच. निपाणीच्या सगळ्यांशी मी एकेक करून हात मिळवले, आणि शेवटी कॅप्टनही हसला. "तुमच्या गावात मॅच जिंकून कामावर पळत्यात व्हय?" म्हणाला. मी म्हणालो, "आमच्यात असंच."

टेंपो गेला, मास्तर गेले. मी बॅट उचलली, तर दोस्त बैल जुंपत होता. मी बैलांच्या आडवा गेलो.

"शब्द दिलायस तू," मी म्हणालो.

"हे रान तुझंच. वरचा तुकडा हाय की मोकळा. तिथं पेरतो. पर बी सोडायला माणूस न्हाय." त्यानं पिशवी माझ्याकडं टाकली. "जिंकलायस न्हवं? चल."

त्या दिवशी गल्लीतले सगळे माग चालू होते, माझा तेवढा बंद. मी कुरीच्या मागनं मूठमूठ मसूर सोडत चालत होतो. दोन फेऱ्या झाल्या. मग पुढं बघतच म्हणाला, "त्यो गडी पळाला नसता, तर तू चेंडू मारला असतास?"

"लांब मारला असता. अनगोळात."

"बी सरळ सोड रं," तो म्हणाला.