उजवीकडची सीट

इंग्लंडमध्ये, रीडिंग शहरात आमच्या शेजारी एक रिटायर्ड मराठी डॉक्टर राहायचे. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांच्याकडे जुनी, लाल, उघड्या टपाची अमेरिकन स्पोर्ट्स कार होती. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे कारपार्कच्या मशीनमधून तिकीट घ्यायला उजवीकडे कुणीतरी लागायचंच. ते काम माझं. "चल रे, हात लांब आहेत तुझे," एवढंच त्यांचं आमंत्रण.

पुढे गुडघे क्लचला नको म्हणायला लागले, तेव्हा त्यांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं की आधी दोष दाखवायचे, तेही कौतुकानं. "इथे गंज आहे बरं का. हा रंग मीच दिलाय आणि वाईट दिलाय. प्रदर्शनात मिरवायची गाडी नाही ही, चालवायची आहे." मग फेरी मारताना गिऱ्हाइकाच्या हातात गरम बटाटेवडा द्यायचे. सीटला डाग पडेल म्हणून जो घाबरला, त्याला गाडी नाही. असे बरेच जण परत गेले.

मग हाउन्सलोहून एक नर्स आली. तिनं सीटवर चटणी सांडली, बोटानं पुसून चाटली आणि "अजून एक आहे का?" विचारलं. काकांनी तिथेच किल्ली काढून दिली.

कागदपत्रं झाली, तिनं गाडी सुरू केली. काकांच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळत होतो. तेवढ्यात ते गुडघे विसरून, घरातल्या स्लिपरांवरच धावले आणि उजवीकडचं दार उघडून आत बसले.

"अहो काका, कुठे निघालात?"

"एकटीच आहे रे ती. तिकीट कोण घेणार?"