कणकेने बंद केलेली पेटी

मनीराम रहांगडाले दहावी पास होते आणि सडक अर्जुनीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. भिंगं पुसणं, वजनं डबीत लावून ठेवणं, पोरांनी गुंता केलेल्या तारा सोडवणं हे त्यांचं काम. प्राध्यापक बदलत गेले, मनीराम तिथंच राहिले. शेवटी शेवटी तर मीटरचा काटा काऊन अडकला हे नव्या प्राध्यापकांना तेच सांगायचे. दसऱ्याला त्याच मीटरला हळदकुंकू वाहायचे, आणि यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

ती शंका घरात आणली त्यांच्या एकुलत्या मुलीनं, योगेश्वरीनं. बापाचं बोट धरून प्रयोगशाळेत हिंडलेली ही पोर शिकत शिकत कोलकात्याच्या एका संशोधन संस्थेत पोचली. अणूच्याही पोटातले कण मोजायचं तिचं काम. तिथली नोकरी कायम झाली, तेव्हा तिच्या आईनं, दुलारीबाईंनी, गढकालिका देवीला बोललेला नवस बाहेर काढला. मुलीच्या हातून पाच नारळं आणि साडीचोळी.

योगेश्वरी उन्हाळ्यात सुट्टीवर आली, ऐकलं आणि म्हणाली, "माय, अभ्यास मी केला. त्यात देवीचं काय?"

"देवी नसती तं झाला असता अभ्यास?"

"गणितात देवी नसते, माय."

"मंग मी तरी कुठी हावो तुह्या गणितात?" दुलारीबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

योगेश्वरी दुसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर तिचा फोन आला की दुलारीबाई तो नुसता नवऱ्याच्या हातात द्यायच्या. "घ्या. तुमच्या शास्त्रज्ञीणबाई." असे सहा महिने गेले. मनीराम मधल्या मध्ये. दोघींचंही बरोबर आहे असं म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं की दोघीही त्यांच्यावरच उखडायच्या.

त्यांना वाद घालता येत नव्हता, पण हातानं काम करता येत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी कॉलेजात एका प्राध्यापकानं काचेच्या पेटीत आकाशातून येणाऱ्या कणांच्या वाटा दाखवायचा घाट घातला होता, आणि कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, न मिळाल्यानं तो राहून गेला होता. लेक काय मोजते ते तिच्या आईला डोळ्यांनी दिसावं म्हणून मनीरामांनी आता तेच मनावर घेतलं. फोनवर मुलीला विचारून विचारून सगळं वहीत उतरवलं. माशांची रिकामी काचपेटी उपडी घालायची, तिच्या वर आलेल्या तळाला आतून घोंगडीचा तुकडा चिकटवून तो अल्कोहोलनं भिजवायचा, खाली काळा रंग दिलेला लोखंडी पत्रा, आणि पत्र्याखाली कोरडा बर्फ.

बर्फ नागपूरहून आणायचा होता. हायवेवर ढाबा चालवणारे गोवर्धन त्यांचे जुने स्नेही. त्यांनी एका ओळखीच्या ट्रकवाल्याला सांगितलं. थर्माकोलचा डबा आला. उघडला तर आत काहीच नाही. ट्रक वाटेत दोन दिवस बिघडून पडला होता, आणि तेवढ्यात बर्फाची सगळी वाफ होऊन गेली होती. "खाली डब्बा भेजला का रे यानं?" म्हणून गोवर्धन ट्रकवाल्यावर चिडले. मनीरामांना मात्र हसू आलं. दुसऱ्या खेपेला बर्फ नीट पोचला, डिसेंबरात, योगेश्वरी घरी आली त्याच दिवशी.

दुपारी बापलेकींनी मधल्या खोलीच्या खिडक्यांना बारदानं लावली. जाडजूड फडक्यात धरून बर्फ मांडला, पेटी ठेवली, बाजूनं टॉर्चचा उजेड सोडला. अर्धा तास गेला. पेटीत नुसतं धूसर. योगेश्वरीनं अल्कोहोल वाढवलं, टॉर्च हलवला. काही नाही.

दुलारीबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कोणाला कळलं नाही. "खालून हवा शिरून राहिली," त्या म्हणाल्या.

"माय, टेप लावला आहे ना."

"थंडीनं सुटला तुहा टेप. पाह्य बरं." त्या आत गेल्या, भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊन आल्या, आणि बिर्याणीच्या गंजाच्या झाकणाला लावतात तशी कणकेची वळी पेटीच्या चारी कडांना दाबून बसवली. टॉर्च लेकीच्या हातातून घेऊन स्वतःच धरला.

दहा मिनिटांनी पत्र्याच्या जरा वर एक पांढरी रेघ उमटली आणि विरली. मग दुसरी, सरळ, केसाएवढी. मग एक आखूड, जाड. मनीराम पेटीवर वाकले. इतकी वर्षं फळ्यावर पाहिलेली गोष्ट त्यांच्या घरात चालली होती.

"कायच्या होय या रेघा?" दुलारीबाईंनी हळूच विचारलं.

"कण आहेत, माय. लांबचे तारे फुटतात, तिकडून निघालेले कण आपल्या हवेवर आदळतात, त्यातून हे नवे तयार होतात. हात आडवा धर. सेकंदाला एखादा तरी त्यातून पार जातो."

दुलारीबाईंनी तळहात पाहिला. "आन मले गमतच नाई. काई जानवतच नाई."

"नाही गमत."

"मंग जे गमत नाई ते नाई, असं काऊन म्हणतेस?"

"तसं मी म्हणत नाही, माय. हे मला दाखवता येते, म्हणून मी मानते. देवी मला दाखवता येत नाही."

"मले बी नाई येत," दुलारीबाई म्हणाल्या. टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. "तू परीक्षेले बसायची, तं तुहे बाबूजी तुह्यासंगं जायचे. मी घरी. मले ना तुहे पुस्तक वाचता ये, ना फारम भरता ये. माह्या हातात काय होतं सांग? तेवढा नवस होता."

योगेश्वरीनं मान वळवून आईकडे पाहिलं.  

"हे मला आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलं कधी?"

योगेश्वरीनं पेटीच्या कडेची कणीक बोटानं दाबली आणि म्हणाली, "उद्या जाऊ. नारळं मी देते. पण तुझ्यासाठी देईन, देवीसाठी नाही. चालते का?"

"तिले काय," दुलारीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नारळ पोचल्याशी मतलब."

सकाळी तिघंही देवळात गेली. योगेश्वरीनं नारळं ठेवली, साडीचोळी ठेवली. हात जोडले नाहीत, आणि आईनं जोडायला सांगितलंही नाही. मनीरामांनी जोडले, आपल्या सवयीनं.

परतताना दुलारीबाई भजन मंडळाच्या सुशिलाबाईंना हाताला धरून घरी घेऊन आल्या. डब्यात मूठभरच बर्फ उरला होता. तो मांडला, कडांना ताजी कणीक लागली, आणि थोड्या वेळानं एक रेघ सुशिलाबाईंच्या नाकासमोर चमकून गेली. त्या दचकून मागं सरल्या.

"बाई गं! अंगात शिरन ना हे!"

"शिरते आन पार जाते," दुलारीबाई म्हणाल्या. "भिऊ नको. लय दुरून येऊन राहिले बिचारे."