गळ्यातली सरी

“काढ ते गळ्यातलं. इथेच काढ.”

मॅडम काउंटरमागून बोलल्या. दुकानात गिऱ्हाईक बायका होत्या, माझ्यासोबत काम करणाऱ्या मुली होत्या. सगळ्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या.

अंधेरीतलं चांदीच्या दागिन्यांचं दुकान. मी तिथे सेल्सगर्ल. पाडवा जवळ आलेला, बाहेर ऊन तापायला लागलेलं. काचेवर मोठ्या अक्षरांत ‘वसंत कलेक्शन’. सगळा माल आदिवासी घडणीचा. मी स्वतः वारली, आरे कॉलनीच्या जंगलातल्या पाड्यावर राहणारी. दुकानात हे कुणाला सांगितलं नव्हतं. आरेत राहते म्हटलं की लोक सरकारी क्वार्टर्स समजायचे. मीही समजू द्यायचे.

शिमग्याला आईने स्वतःच्या गळ्यातली चांदीची सरी काढून मला घातली होती. “आता तू घाल,” म्हणाली. तिला ती तिच्या आईने दिलेली. मी ती ओढणीखाली झाकून कामावर न्यायचे. त्या दिवशी ओढणी सरकली.

एका बाईने पाहिलं. मॅडमना म्हणाली, “तुमचा स्टाफ तुमचाच माल घालून फिरतो का?”

कुठून आणलीस, एवढंही मॅडमनी विचारलं नाही. सरळ काढ म्हणाल्या.

आणि मी काढली. हात लगेच वर गेले. सरी जुनी, ताठ. फाकवताना मानेवर ओरखडा उठला. माझ्या आईची आहे, एवढं बोलायला तोंड उघडलं नाही.

मॅडमनी ती काचेवर ठेवून उलटसुलट पाहिली. टॅग नाही. आतून झिजलेली.

“नाही, आपली नाही ही.” हे त्या बाईला सांगितलं. मला नाही. सरी फक्त माझ्याकडे सरकवली.

मी म्हणाले, “थँक्यू मॅडम.”

चोर ठरवलं नाही म्हणून थँक्यू. शब्द तोंडातून गेला आणि कान पेटले. काचेच्या खाली शिरावंसं वाटलं.

तेवढ्यात तीच बाई पुढे वाकली. “अगं, ही तर ओरिजिनल आहे! कुठून घेतलीस?”

“घेतली नाही. आईची आहे. आम्ही वारली.”

मॅडमचा चेहराच बदलला. “मग आधी सांगायचं ना! उद्यापासून हीच घालून ये. लुगडं नेस, दारात उभी राहा. झकास दिसेल.”

मघाशी चोरीची होती. आता शोभेची. माझी कधी होती?

मी सरी उचलून गळ्यात घातली. मॅडमकडे बघून बोलले. “दारात उभी राहणार नाही मी. तुम्ही मला चोर ठरवलंत. आधी माफी मागा.”

“मी कुठे चोर म्हणाले? एवढं काय मनाला लावून घेतेस?”

“सगळ्यांसमोर काढायला लावलंत ना.”

“हे बघ, जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.”

माफी नाही मागितली. मी पर्स घेतली आणि निघाले.

घरी आईला सांगितलं. तिने एकच विचारलं, “तू काढलीस?”

मी मान खाली घातली. ती उठून चुलीकडे गेली. तिच्या पाठीकडे बघायचीही मला लाज वाटत होती. अजूनही तो प्रश्न आठवला की वाटते.

आता गोरेगावात कपड्यांच्या दुकानात आहे. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मी वारली, पाड्यावर राहते. सरी ओढणीच्या वर असते. कुणाला संशय असेल तर त्याने पोलीस बोलवावेत. मी थांबेन, पळणार नाही. पण माझ्या अंगावरचं माझ्या हाताने उतरवणार नाही.