शिडाला लावलेला पैठणीचा काठ

नाशिकला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या ह्यांनी कधी मनावर घेतली नाही. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात. ह्यांनी मुंबईला नांगरलेली एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. दोघांनी रीतसर शिकायचं आणि किनारा दिसणार नाही इतक्या आतून गोव्याला जायचं, असं ठरलं. म्हणजे ह्यांनी ठरवलं. मी फक्त एक अट घातली. ह्यांची बायपास झालेली. वारा वाढला की मोठं शीड लहान करावं लागतं, त्यासाठी हलत्या डेकवरून डोलकाठीपाशी जाऊन ते खाली ओढायचं, घड्या घालून बांधायचं. ते ह्यांनी करायचं नाही. बसल्या जागेवरून जे होईल तेवढंच.

मग बसल्या जागेवरून गुंडाळता येईल अशा शिडाची निवड सुरू झाली, इंदिरानगरच्या आमच्या हॉलमध्ये, पडद्याचा रॉड, डबलबेडची चादर आणि परकराची नाडी घेऊन. शीड डोलकाठीच्या पोटात गुंडाळायचं की खालच्या आडव्या दांड्यात? दांड्यातलं अडकलं तर निदान खाली पाडता येतं, पण गुंडाळताना दांड्याचा कोन जरा चुकून चालत नाही. डोलकाठीतलं सोपं, दोरी ओढली की शीड आत. मात्र अडकलं की ना आत, ना बाहेर. मुलीचं स्थळ बघताना आमच्या घरात एवढी चौकशी झाली नव्हती. सोसायटीत ज्यांनी होडीत कधी पाय ठेवला नव्हता, तेही चहा पिऊन मत देऊन जात. नाशिकच्याच द्वारका चौकात शटरचं दुकान असलेले शेजारी तर थेट ग्रीस लावा म्हणाले. शेवटी डोलकाठीतलं ठरलं. शीड आत-बाहेर जायला डोलकाठीला जी उभी फट असते, तिची रुंदी ह्यांनी व्हर्नियर कॅलिपरने मोजली, कापडाची जाडी मोजली आणि पुन्हा फट मोजली.

नवं शीड आधी नाशिकला आलं, कारण ते लोकांना दाखवायचं होतं. गच्चीवर पसरलं, तेव्हा चांदवडहून माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या होत्या.

"कोरं कापड असं वापरत नाय कोणी," त्या म्हणाल्या. "हळदीकुंकवाचं बोट लावलं का?"

"लावतो आक्का," हे म्हणाले.

"एवढ्या कापडाला बोटानं काय होतंय? लय लांब चालला तू."

आणि त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या पैठणीचा काठ काढून शिडाच्या मध्यावर, खालच्या कडेपासून हात पोचेल तिथे, दुहेरी टाक्याने शिवला. थोरल्या बहिणीपुढे ह्यांचा व्हर्नियर खिशातच राहिला.

गोव्याच्या वाटेवर, जमीन कधीच दिसेनाशी झालेली असताना, वारा चढला. ह्यांनी बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. शिकवल्याप्रमाणे मी एक दोरी ताण ठेवून सैल सोडत गेले, दुसरी ओढत गेले. शीड अर्धं आत गेलं आणि थांबलं.

"थोडं सोड, पुन्हा ओढ."

सोडलं, ओढलं. हलेना. फटीत पैठणीचा काठ दुमडून बसला होता. बोट कलायला लागली. बोटीला अडकवलेला कमरेचा पट्टा सोडायला ह्यांचा हात गेला.

"अहो, उठायचं नाही!"

"तुला नाही जमणार."

"मला उसवता येतं. तुम्ही सुकाणू धरा."

माझा पट्टा डेकवरच्या दोरीला अडकवून मी गुडघ्यांवर रांगत डोलकाठीपाशी गेले, तिला मिठी मारून उभी राहिले आणि शिवणाच्या डब्यातल्या कात्रीने उसवायला लागले. प्रत्येक टाक्याला नणंदबाईंचा उद्धार केला. अर्धा काठ सुटला आणि एका लाटेने माझे पाय काढून घेतले. मी पट्ट्यावर लोंबकळले.

मला समुद्राची भीती वाटली नाही. हे उठतील, याची वाटली. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला भिंतीत एक खिळा एकटीने ठोकू दिलेला नाही. हातोडी काढूनच घेतात. मी मागे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात सुकाणूवर आवळलेले होते, डोळे माझ्यावर होते.

मी पाय रोवले, उरलेला काठ हिसडून काढला आणि ओरडले, "ओढा!" त्यांनी बसल्या जागेवरून दोरी ओढली. शीड आत गेलं.

ते उठले नव्हते. इतकं प्रेम त्यांनी माझ्यावर आयुष्यात कधी केलं नव्हतं.