आभार सर

जुन्नरच्या आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर उठता-बसता सगळ्यांचे आभार मानायचे. एसटीतून उतरताना कंडक्टरचे, सुटे दिले म्हणून पानवाल्याचे, एवढंच काय, वर्गात झोपलो नाही म्हणून आमचेही. पोरं त्यांना ‘आभार सर’ म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. “यापेक्षा वाईट नावं ठेवतात लोक,” म्हणायचे. मला ते फार आवडायचे.

तळेघरकडच्या डोंगरातल्या मुलामुलींसाठी ते फुकट मेस चालवत. धान्य, कांदे-बटाटे मंचरचे व्यापारी देत. त्यांतले एक माझे वडील. दर महिन्याला सर आमच्या आडतीवर येऊन चहा घेत आणि पोती टेम्पोत चढवायला स्वतः हात लावत. “मागायची लाज नाही मला. गरज नसताना मागायची आहे,” हे त्यांचं नेहमीचं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाने गरजू विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी जादा अनुदान दिलं. दुसरा कुणी असता तर गप्प बसून दोन्हीकडून घेतलं असतं. यांनी काय करावं? सगळ्या व्यापाऱ्यांना कॉलेजात बोलावून शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार केला. “आता तुमच्यावर भार नको,” म्हणाले. टाळ्या झाल्या.

पुढच्या वर्षी अनुदान आलंच नाही. सर पुन्हा आडतीवर आले.

“सर, तुमीच नको म्हनला व्हता,” वडील म्हणाले. “आता सप्त्याच्या पंगतीला शब्द दिलाय. आन् सत्कार घेतल्यावर परत त्याच कामाला कसं द्याचं?”

बाकीच्यांनीही तेच सांगितलं. आमच्याकडे अंगावर शाल पडली की काम संपलं. वडिलांचा मला भयंकर राग आला. पण ते खोटं बोलत नव्हते.

दिवाळीआधी मेस बंद पडली. मेसवर जेवणाऱ्यांपैकी सगळ्यांत आधी तळेघरकडची मंगल घरी गेली. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं तिचं. तिला आणायला सर निघाले, मीही सोबत गेलो. तळेघरला उतरून बरंच चालावं लागलं. मंगल खाचरात भात कापत होती.

“परीक्षेपर्यंत तरी चल. मी बघतो काहीतरी,” सर म्हणाले.

“हॉस्टेलवर ऱ्हाईन सर, पन खाऊ काय?” तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

तिनं हातपाय धुतले, आम्हाला घरी नेलं, नाचणीची भाकरी आणि कालवण वाढलं. सर खाली मान घालून जेवत होते.

“अजून अर्धी घ्या सर, लई लांबून आलाय,” ती म्हणाली.

सरांनी ताटावर हात आडवा धरला, आणि ती भाकरी घेऊन आत गेली तरी तो काढला नाही.